कोरडी खोली

१

भाईंदरला जुलैत कपडे वाळत नाहीत. नवघरच्या कुठल्याही बाईला विचारा, ती आधी हसेल आणि मग अर्धा तास बोलेल. मिठागरांकडून येणारा वारा एवढा ओला असतो की सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी काढताना जास्तच जड लागतो. चपलांना बुरशी येते, पापड चिवट होतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. घरात तान्हं मूल असेल तर लंगोटांचं काय होतं ते विचारूच नका.

आमच्याकडे मात्र हा प्रश्न नव्हता. आमच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत ओला कपडा तासाभरात कडकडीत व्हायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी मला याचं फार कौतुक वाटलं. बिल्डरने त्या खोलीला नकाशात स्टोअर म्हटलं होतं. हातभर खिडकी, तीही सासूबाईंनी वर्तमानपत्रं चिकटवून बंद केलेली. पंखा नाही. सासूबाई तिथे झोपायच्या आणि तिथेच त्यांचं बियाणं असायचं. मी ऑफिसात सांगायचे, आमच्या सासूबाईंच्या खोलीत पावसाळ्यालासुद्धा विचारून यावं लागतं.

ती खोली कोरडी का, याचा मी माझ्या परीने विचार केला होता. मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासायचे. कारण कळल्याशिवाय एखादी गोष्ट मान्य करायची मला सवय नाही. आधी वाटलं, भिंतीवर दुपारचं ऊन येत असेल. मग एकदा शेजारच्या जिग्नाबेनकडे गेले तेव्हा कळलं की त्या भिंतीच्या पलीकडे त्यांचं बाथरूम आहे आणि त्यांच्या बाजूने ती बारा महिने ओली असते. जिग्नाबेननी विचारलं, तुमच्याकडे पण लीकेज आहे ना? मी हो म्हणाले. खरं सांगायची मला उगाचच लाज वाटली.

त्या खोलीत जरा जास्त वेळ थांबलं की ओठ फुटायचे आणि जीभ टाळ्याला चिकटायची. पण कपडे वाळत होते, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

२

सासूबाईंचं नाव अनसूया. रायगडातलं त्यांचं गाव यतीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जन्माआधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं. बदल्यात जमीन देऊ असं सरकारने सांगितलं होतं. सासरे होते तोवर अलिबागला खेटे घालत राहिले. सासरे गेले, जमीन काही आली नाही. पण गावच्या शेवटच्या पिकाचं बियाणं सासूबाईंनी आधी मुंबईतल्या काळाचौकीच्या खोलीत आणि मग इथे जपून ठेवलं होतं. जमीन मिळेल तेव्हा हेच पेरायचं, बाजारचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं.

बियाणं ठेवायचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि त्यात कुणाची ढवळाढवळ चालत नसे. बाजारातून आणलेल्या पिकल्या काकडीचं, भोपळ्याचं बीसुद्धा त्या हात चालता राहावा म्हणून ठेवायच्या. बी सावलीत वाळवायचं. एक दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. मग वस्त्रगाळ राख, कडुलिंबाचा वाळका पाला, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, राहिलीसाहिली ओल शोषायला. बाटलीचं झाकण घट्ट लावून वर मेणबत्तीचं मेण. आमच्याकडे गॅस, राख कुठून येणार? तर वॉचमन ईश्वर खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख पिशवीत भरून आणून द्यायचा आणि माताजी एवढ्या राखेचं काय करतात म्हणून मला हसत विचारायचा. एकदा तर त्यांनी काकडीच्या बिया शेणात कालवून गॅलरीच्या भिंतीवर थापल्या. सोसायटीचा सेक्रेटरी ते बघून गेला आणि महिनाभर जिन्यात आम्हाला ओळख दाखवत नव्हता.

मी एकदा सुचवलं की बी फ्रिजमध्ये ठेवू या, थंडीत जास्त टिकतं असं मी वाचलंय. त्या म्हणाल्या, तुझ्या फ्रिजची लाइट रोज जाते. तेही खरंच होतं. लोडशेडिंगने तेव्हा भाईंदरला वात आणला होता.

गावच्या बियाण्याच्या बाटल्या एका पेटीवर ओळीने मांडलेल्या असायच्या. हिरवी पत्र्याची पेटी, फार मोठी नाही, आत दोन उशा मावतील एवढी. झाकणाच्या कडेने जुन्या लुगड्याची पट्टी, तिच्यावर मेणाचे थर. भोवती जमिनीवर राखेची जाड रेघ, मुंग्या येऊ नयेत म्हणून. गावाहून आल्यापासून ती पेटी उघडलेली नव्हती. यतीनला विचारलं तर म्हणाला, भाताचं बियाणं असेल, लहानपणी तिला हात लावला की मार बसायचा.

यतीनला एक मोठी बहीण होती, शालू. गाव सुटलं त्या वर्षी ती तान्ही असतानाच गेली, हे मला त्यानेच सांगितलं. सासूबाईंनी ‘गेली’ असं कधी म्हटलं नाही. त्यांच्या तोंडी ‘शालू निजली तवा’ असंच यायचं. मला वाटायचं, आईच्या जिवाला तो दुसरा शब्द सोसत नसेल.

३

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाच्या रजेवर घरी बसले आणि रिकामपणी मला नसत्या उचापती सुचायला लागल्या. वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर वाचलं होतं की वालाचं बी चार-पाच वर्षं उगवतं, पुढे मरतं. सासूबाईंचे वाल तीस वर्षांच्या पुढचे. मी त्यांना चिडवायला लागले की तुम्ही इतकी वर्षं राखेत मढी सांभाळताय. त्या चिडल्या नाहीत. मी परीक्षा करू या म्हणाले तेव्हा मात्र त्यांनी साफ नाही म्हटलं.

“एकदा जागं केलं का परत निजवता येत न्हाय,” त्या म्हणाल्या.

मी हट्टाला पेटले. पोटुशी बाईने मागितलेलं नाकारत नाहीत, असं त्यांच्याकडे होतं. मी त्याचाच फायदा घेतला. शेवटी त्यांनी एका बाटलीचं मेण खरवडून मूठभर वाल माझ्या हातावर ठेवले आणि बाटली लगेच पुन्हा बंद केली. मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्याच्या कडेला ठेवले. तिसऱ्या दिवशी फडकं उघडलं तर प्रत्येक दाण्याला मोड होता. एकही दाणा फुकट गेला नव्हता.

मी माझं कारण शोधलं. सासूबाई अधूनमधून गुपचूप बाजारचे नवे वाल बाटलीत भरत असणार. म्हाताऱ्या माणसाची हौस, म्हणून मी बोलले नाही.

ते मोड मी तेलाच्या डब्यात माती घालून लावले. वेल वीतभर वर आला आणि खाऱ्या वाऱ्याने पिवळा पडून मेला. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. डबा मांडीवर घेऊन गॅलरीत बसून राहिल्या. मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, इथं सगळी लादी, जागं होऊन जगायचं कुठं त्यानी? एवढ्याशा वेलासाठी त्या डोळे पुसत होत्या, आणि मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

४

जुलैच्या सुरुवातीला संचिता झाली. मला आई नाही, त्यामुळे माझं सगळं सासूबाईंनीच केलं, आणि मनापासून केलं. तेल, शेक, डिंकाचे लाडू. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला आजही जीभ रेटत नाही.

बाळाची नाळ पडली की ती टाकून देत नाहीत, जपून ठेवतात, एवढं मलाही माहीत होतं. यतीनची नाळ दवाखान्यात कुणीतरी फेकून दिली, याची सासूबाईंना अजून रुखरुख होती. संचिताची पडली तेव्हा हॉस्पिटलची प्लॅस्टिकची क्लिप तिला तशीच होती. मी ती कापसात ठेवून ड्रेसिंग टेबलच्या खणात ठेवली. काही दिवसांनी बघते तर कापूस ओलसर आणि नाळेवर हिरवट बुरशी. ओल्या बाळंतिणीचं मन कशावरूनही भितं. मी तशीच सासूबाईंकडे गेले आणि म्हणाले, आई, ही तुमच्या बाटलीत ठेवा ना, तिथे बुरशी येत नाही.

त्यांनी नाळ फडक्याने पुसली.

“ठेवते,” त्या म्हणाल्या. “पन इचार करून सांग. एकदा मेण लावलं का जमीन मिळंपर्यंत मी काढायची न्हाय.”

मी हसले आणि ठेवा म्हणाले. यतीन हॉलमधून ओरडला की मग ती आता संचिताच्या नातवंडांनाच मिळेल. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी वालाची बाटली घेतली, माझ्या डोळ्यांदेखत नाळ राखेत खाली ढकलली आणि मेणबत्ती पेटवली.

५

त्यानंतरचे दिवस इतके छान गेले की माझीच मला दृष्ट लागेल असं वाटायचं. डासांमुळे आणि ओलीमुळे आम्ही पाळणा छोट्या खोलीत हलवला. संचिता शांत झोपायला लागली. रडणं नाही, पुरळ नाही, रात्रीची जागरणं नाहीत. फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी कौतुकाने सांगायचे आणि त्या माझा हेवा करायच्या.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती नखं. तान्ह्या मुलांची नखं भराभर वाढतात, ती स्वतःलाच ओरबाडतात. मी छोटं नेलकटर आणून ठेवलं होतं. एक दिवस ते खणात दिसलं आणि आठवेना की शेवटचं कधी वापरलं. संचिताची बोटं उघडून पाहिली. नखं मी कापली होती तशीच, माझ्या हातून एक कोपरा तिरका गेला होता तो तिरकाच होता. मग मी कपाट उघडलं. मोठे फ्रॉक घडीचे घडीतच होते. तिला अजून पहिलं झबलंच बरोबर बसत होतं.

बेव्हर्ली पार्कजवळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं, कार्ड पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. मग बाहेर बसलेल्या एका बाईचं मूल मागून घेऊन काटा तपासला. काटा बरोबर होता. संचिताचं वजन मागच्या खेपेइतकंच होतं, थोडंही कमी-जास्त नाही. त्यांनी विचारलं, लघवी किती वेळा करते? मी सांगायला तोंड उघडलं आणि मला शेवटचा ओला लंगोट आठवेना. मी रोज लंगोट बदलत होते. ते कोरडेच असायचे.

थायरॉइडची तपासणी केली, रक्त तपासलं. जास्त झोपणारी आणि न वाढणारी मुलं असतात, त्यावर औषध असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला केवढा धीर आला. कारण सापडलं होतं. पण रिपोर्ट चांगले आले, आणि चांगले रिपोर्ट हातात घेऊन मी रिक्षात रडत बसले. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला दाखवायचं ठरलं.

तिला पाजायचं तर आता हलवून हलवून उठवावं लागायचं. दोन घोट घेतले की मान टाकायची. तिने मागितलं नाही म्हणून मला दूध येईनासं झालं. आधी कमी झालं, मग एका सकाळी काहीच आलं नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. पोर माझ्या डोळ्यांसमोर होती, गुलाबी होती, ताप नाही, काही नाही, आणि तरी ती माझ्या हातातून जातेय असं मला वाटत होतं.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. “काय घाई हाय, बाय?” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे ल्हान. भाईर कुठं माती हाय तिच्यासाठी?”

त्यांच्या आवाजात नुसती माया होती. म्हणूनच मी एवढी घाबरले.

६

ऑगस्टअखेरची एक दुपार. सासूबाई हॉलमध्ये पडल्या होत्या. मी छोट्या खोलीत पाळण्याशेजारी जमिनीवर बसून संचिताचा श्वास बघत होते. छाती वर यायची, खाली जायची, आणि मग इतका वेळ काहीच नाही की मी उठून तिच्या नाकापाशी बोट न्यायचे. तेवढ्यात पुन्हा वर यायची. मी बसायचे.

असं बसले असताना एक श्वास मी ऐकला, तेव्हा संचिताची छाती हलत नव्हती.

मला वाटलं माझाच असेल. मी माझा श्वास रोखून धरला. खोलीत एवढी शांतता की वाळत घातलेल्या दुपट्याची कडा आखडताना ऐकू येत होती. संचिताची छाती वर आली, खाली गेली, थांबली. आणि त्या थांबण्यात, खालून, जमिनीलगत, पुन्हा एक श्वास. लहानसा. आत घेतलेला.

खिडकीबाहेर कबुतर असेल, जिग्नाबेनचा नळ असेल, बाळंतपणानंतर रक्त कमी झालं की कानात असे आवाज येतात. मी ही सगळी कारणं मनात एकापुढे एक मांडली. मग उठले आणि पेटीवर तळहात ठेवला. पत्रा गार होता. ऑगस्टातल्या दमट दुपारी माझा हात घामाने चिकट झाला होता. हात उचलला तर पत्र्यावर माझ्या पाची बोटांचा ओला ठसा, आणि मी बघत असतानाच तो आत ओढून घेतल्यासारखा नाहीसा झाला.

मी बाहेर आले. सासूबाई उठून सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, आई, पेटीत काय आहे?

“बियाणं,” त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

यतीनला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. पण तो म्हणाला की मोठ्या हॉस्पिटलमध्ये नक्की काहीतरी निघेल, आणि आईला यात ओढू नकोस, ती पोरीसाठी जीव टाकते. तेही खोटं नव्हतं.

७

हॉस्पिटलला जायच्या आदल्या दिवशी सकाळपासूनच लाइट नव्हती. यतीन कामावर गेला होता. जेवणं झाली, सासूबाई हॉलमध्ये लवंडल्या. मी भांडी घासत होते आणि घासता घासता थांबले.

माझा कशावर विश्वास बसला होता असं नाही. मी स्वतःला एवढंच म्हणाले की ती वस्तू माझ्या मुलीची आहे, मी ठेवायला दिली होती, मी परत घेतेय. काही झालं नाही तर नाही. पदरचं काय जाणार?

छोट्या खोलीत जाऊन वालाची बाटली उचलली. पाळण्यात संचिता निजलेली. स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि सुरीने मेण खरवडलं. झाकण हट्टी होतं. शेवटी सुटलं तेव्हा बाटलीने आत हवा घेतल्याचा आवाज आला. मी बाटली पालथी केली. राख, वाल, कडुलिंबाचा पाला, तांदळाची पुरचुंडी. आणि प्लॅस्टिकच्या क्लिपसकट संचिताची नाळ. तिच्यावरची बुरशी गेली होती.

तिच्याखाली दुसरी एक होती. काळी पडलेली, आकसलेली, सुती दोऱ्याने बांधलेली. दोरा जुना होऊन तपकिरी झाला होता.

यतीनची नव्हती. त्याची तर दवाखान्यातच फेकली होती.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी दोन्ही नाळा राखेतून उचलल्या, आणि माझे हात भांड्यांच्या पाण्याने ओले होते. राख बोटांना चिकटून काळी झाली. हे लक्षात यायला एक क्षण गेला, आणि त्याच क्षणी छोट्या खोलीतून संचिता रडली. कितीतरी आठवड्यांनी, घसा फाडून, भुकेने.

मी धावले. तिला उचललं तर ती नखशिखांत ओली होती, लंगोट, झबलं, खालची गोधडी सगळं भिजलेलं, आणि अंग गरम, घामेजलेलं. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. मी तिला छातीशी घट्ट धरलं. ती गप्प झाली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून हुंगायला लागली.

रडणं थांबलं नाही.

माझी मुलगी माझ्या खांद्यावर गप्प होती आणि खोलीत मूल रडत होतं. आवाज कोंदट होता, कोरडा, घशात काहीतरी अडकल्यासारखा, आणि दर खेपेला थोडा मोकळा होत होता. पेटीच्या झाकणाच्या कडेला मेण तडकलं होतं. भोवतीच्या राखेच्या रेघेतून राख हळूहळू घसरत होती.

सासूबाई दारात आल्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी बाटल्या बाजूला लोटल्या, एकदोन फुटल्या, आणि नखांनी ती लुगड्याची पट्टी ओढायला लागल्या. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

“उठली गो,” त्या म्हणाल्या. “उठली माझी बाय. कवाची भुकेली हाय.”

झाकण हातभर उघडलं. आत काठोकाठ राख होती, वर हात फिरवून सपाट केलेली. तिच्या मधोमध राख उचलली गेली आणि भेगाळली, खालून कोंब वर येताना कुंडीतली माती भेगाळते तशी. मी एवढंच पाहिलं. त्याच्या पुढचं मी पाहिलेलं नाही आणि मला कुणी विचारूही नये.

सासूबाईंनी दोन्ही हात राखेत घातले. मग एकदम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“माझं तर कवाच आटलं,” त्या म्हणाल्या. “तुला येतंय न्हवं?”

मी खाली पाहिलं. माझा कुडता दोन्ही बाजूंनी ओला झाला होता. किती दिवस थेंब नव्हता, आणि आता पोटापर्यंत ओघळ येत होते. संचिता तर रडत नव्हती. ते दूध त्या दुसऱ्या रडण्याला आलं होतं. शरीर विचारत नाही, मूल कुणाचं.

आणि मी एक पाऊल पेटीकडे टाकलंसुद्धा. संचिताने तेवढ्यात माझा केस मुठीत धरून ओढला, म्हणून थांबले.

८

चप्पल न घालता मी जिना उतरले. आमचा दुसरा मजला. जिन्यात आवाज घुमत होता. फाटकापाशी ईश्वर स्टुलावरून उठून उभा राहिला होता आणि आमच्या गॅलरीकडे बघत होता. त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या संचिताला, मग पुन्हा वर.

“भाभी, बच्ची तो आपकी गोद में है,” तो म्हणाला. “फिर ऊपर कौन रो रहा है?”

“टीव्ही चालू रह गया होगा,” मी म्हणाले.

त्याने थोडा विचार केला. “लाइट तो सुबह से नहीं है, भाभी.”

वर ते मूल रडत होतं. आता आवाज अगदी मोकळा झाला होता, कुठल्याही घरातून येतो तसा, आणि मला त्याची भीती वाटण्याऐवजी दया येत होती, याचीच मला जास्त भीती वाटली. मी ओढणी छातीवर ओढून घेतली, संचिताचे कान झाकले आणि नवघर रोडवर रिक्षा शोधायला निघाले. रिक्षात बसेपर्यंत दूध थांबलं नव्हतं.